सोन्याचा सूळ : धर्मोपदेशकाची लोकैषणा आणि श्रोत्याचा वाटा

१

'लोकैषणा' हा शब्द मराठी वाचकाला परिचित आहे; त्याच्या अर्थाचा प्रवास मात्र सहसा लक्षात घेतला जात नाही. बृहदारण्यक उपनिषदात पुत्रैषणा, वित्तैषणा आणि लोकैषणा अशा तीन एषणा सांगितल्या असून, त्या तिन्हींच्या पलीकडे गेलेला आत्मवेत्ता भिक्षाचर्या स्वीकारतो असे तेथे म्हटले आहे. या ठिकाणी 'लोक' म्हणजे पितृलोक, देवलोक यांसारखी कर्माने प्राप्त होणारी स्थाने. पुढे देशी भाषांच्या वापरात 'लोक' या पदाचा 'भोवतालची माणसे' हा अर्थ प्रबळ झाला आणि लोकैषणा म्हणजे लोकांकडून मान मिळावा ही इच्छा असे समजले जाऊ लागले. व्युत्पत्तीच्या दृष्टीने या बदलास अर्थभ्रंश म्हणता येईल. परंतु धर्मजीवनाच्या अनुभवाशी तो विसंगत नाही. स्वर्गलोकाची अपेक्षा सोडलेल्या साधकालाही समोर बसलेल्या लोकांची अपेक्षा सोडता येतेच असे नाही.

इतर धर्मपरंपरांनीही या विकाराला स्वतंत्र नावे दिली आहेत. ग्रीक भाषेतील ख्रिस्ती लेखकांनी त्याला 'केनोडोक्सिया', म्हणजे पोकळ कीर्ती, म्हटले. संत ऑगस्टीनने योहानाच्या पहिल्या पत्रातील त्रयीचा आधार घेऊन देहाची वासना आणि डोळ्यांची वासना यांच्यानंतर तिसरा मोह म्हणून त्याची गणना केली. अरबीत 'जाह' आणि 'रिया' असे दोन शब्द आहेत. इमाम गझालीने 'इह्या उलूम अद्-दीन' या ग्रंथातील एक संपूर्ण प्रकरण या दोहोंना दिले आहे. रिया म्हणजे दाखविण्यासाठी केलेली उपासना, आणि जाह म्हणजे लोकांच्या अंतःकरणांवरील मालकी. धन ही जशी वस्तूंवरील मालकी, तशी जाह ही हृदयांवरील मालकी, अशी त्याची व्याख्या आहे. या व्याख्येचे महत्त्व असे की तीत मान ही मनातली एक लहर राहत नाही. ती दोन पक्षांमधील एक संबंध ठरते. मालकी म्हटली की जो मालक होतो तो आणि ज्याची मालकी होते तो, असे दोघेही विचारात घ्यावे लागतात.

प्रस्तुत लेखाचा विषय या दुसऱ्या पक्षाशी निगडित आहे. धर्मोपदेशकाच्या लोकैषणेचा विचार बहुधा त्याच्या अंतःकरणाच्या शुद्धाशुद्धतेचा प्रश्न म्हणून केला जातो. संतसाहित्याचे भक्तिपर वाचन संतांना या विकारापासून मुक्त मानते आणि मनोविश्लेषणपर वाचन त्यांच्या आत्मनिंदेतही सुप्त अहंकार शोधते. दोन्ही वाचनांचा केंद्रबिंदू वक्त्याचे मन हाच राहतो. ऑगस्टीन, ख्रिसोस्तोम, गझाली, बसवेश्वर, ज्ञानेश्वर आणि तुकाराम यांचे लेखन शेजारी ठेवून पाहिले असता असे दिसते की या मोहाची कोंडी केवळ मन तपासून सुटत नाही, हे या लेखकांना वेगवेगळ्या प्रमाणात उमगले होते. त्यांपैकी काहींनी, विशेषतः तुकारामांनी, ती कोंडी वक्ता आणि श्रोता यांच्यातील व्यवहारात नेऊन ठेवली. कबुली, आत्मकथन, वचन आणि कीर्तन या रचनाप्रकारांमधील भेद समजून घेण्यासाठी ही गोष्ट निर्णायक ठरते.

२

ऑगस्टीन (इ.स. ३५४–४३०) धर्माधिकारी होण्यापूर्वी मिलान येथे वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक होता. म्हणजे श्रोत्यांची दाद हाच त्याचा व्यवसाय होता. 'कन्फेशन्स'च्या नवव्या भागात त्याने हे पद सोडतानाचा प्रसंग सांगितला आहे. धर्मांतराचा निश्चय होऊनही त्याने तत्काळ राजीनामा दिला नाही. द्राक्षांच्या हंगामाची सुट्टी अवघ्या काही दिवसांवर आली होती, तोवर तो थांबला. सुट्टीच्या तोंडावर सर्वांदेखत पद सोडले असते तर मोठेपणा मिरविण्यासाठीच ते केले असे लोक म्हणाले असते, हे कारण तो देतो. त्याग करतानाही त्यागाचा प्रेक्षक समोर असतो, ही जाणीव येथे प्रथम दिसते आणि दहाव्या भागात तिला तात्त्विक रूप येते.

दहाव्या भागातील युक्तिवाद असा आहे. अन्न, संपत्ती, कामसुख यांच्या बाबतीत माणूस स्वतःची परीक्षा घेऊ शकतो. या गोष्टी काही काळ दूर ठेवल्या की त्यांच्यावाचून आपण किती अस्वस्थ होतो हे कळते. स्तुतीच्या बाबतीत ही परीक्षा घेता येत नाही. स्तुतीवाचून राहता येते का हे पाहण्यासाठी माणसाने दुराचारी व्हावे, म्हणजे कोणी स्तुती करणार नाही, असे म्हणणे वेडेपणाचे ठरेल. सदाचरणाच्या मागे स्तुती सावलीसारखी येतच असते, आणि सदाचरण सोडणे हा काही उपाय नव्हे. त्याशिवाय, पोकळ कीर्तीचा आपण तिरस्कार करतो याच गोष्टीचा माणूस पुष्कळदा गर्व वाहतो. तेव्हा तो तिरस्कारही खरा उरत नाही. बिशप या नात्याने लोकांनी आपल्यावर प्रेम करणे आणि आपला धाक बाळगणे हे काही प्रमाणात आपल्या पदाला आवश्यकच आहे, ही अडचणही ऑगस्टीन मांडतो. मोहाचे साधन येथे कर्तव्याच्या आतच बसलेले आहे.

'कन्फेशन्स'ची रचना या कोंडीला दिलेले उत्तर आहे. हा ग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत ईश्वराला संबोधून लिहिला आहे. माणसे त्याचे वाचन करतात, पण ती जणू बाजूला उभी राहून ऐकतात. दुसऱ्याचे जीवन जाणून घेण्यास उत्सुक आणि स्वतःचे सुधारण्यात आळशी अशा वाचकांना आपले अंतरंग कशासाठी ऐकवावे, असा प्रश्न ऑगस्टीन स्वतःच दहाव्या भागाच्या प्रारंभी उपस्थित करतो. संबोधनाची ही योजना प्रभावी असली तरी ती वाचकाची जबाबदारी संपवून टाकते. वाचक साक्षीदार राहतो, व्यवहाराचा पक्षकार होत नाही.

ऑगस्टीनचा ज्येष्ठ समकालीन जॉन ख्रिसोस्तोम (मृत्यू इ.स. ४०७) याच्यापुढे प्रश्न अधिक उघड स्वरूपात उभा होता. 'पौरोहित्याविषयी' या ग्रंथाच्या पाचव्या भागात तो म्हणतो की प्रवचनकाराला दोन गोष्टी हव्यात : स्तुतीविषयी बेफिकिरी आणि बोलण्याचे सामर्थ्य. यांपैकी एक नसेल तर दुसरी निरुपयोगी होते. याचे कारण तो श्रोत्यांमध्ये शोधतो. श्रोते प्रवचनाला शिकण्यासाठी येत नाहीत, नाट्यगृहात किंवा स्पर्धा पाहायला यावे तसे येतात आणि वक्त्यांची परस्परांशी तुलना करीत बसतात, असे त्याचे निरीक्षण आहे. त्या काळी चर्चमध्ये प्रवचन आवडले की टाळ्या वाजविण्याची चाल होती. कॉन्स्टँटिनोपलचा बिशप असताना प्रेषितांच्या कृत्यांवरील एका प्रवचनात त्याने असा नियम सुचविला की कोणाही श्रोत्याने वक्ता बोलत असताना टाळ्या वाजवू नयेत, वाटल्यास मनात कौतुक करावे. आपल्याला टाळ्या मिळाल्या की त्या क्षणी आनंद होतो आणि घरी गेल्यावर श्रोत्यांना काहीच लाभ झाला नाही या विचाराने दुःख होते, अशी प्रांजळ कबुलीही त्याने त्याच ओघात दिली आहे. प्रवचनाच्या उपलब्ध संहितेवरून दिसते की हा नियम ऐकल्यावरही श्रोत्यांनी टाळ्याच वाजविल्या, आणि त्याला त्यांना तेथल्या तेथे टोकावे लागले.

हा प्रसंग विनोदी वाटतो, परंतु त्याचे सैद्धांतिक मूल्य मोठे आहे. ऑगस्टीनच्या मांडणीत मोहाचा उगम वक्त्याच्या मनात आहे. ख्रिसोस्तोमच्या मांडणीत तो सभागृहात आहे, आणि म्हणून त्याने शोधलेला उपायही सभागृहाचा आहे. तो उपाय फसला याचे कारण नियम एकतर्फी होता. ज्यांच्याकडून त्याचे पालन व्हायचे होते त्यांना प्रवचनात टाळ्यांखेरीज अन्य कोणताही वाटा नव्हता.

३

सभागृहच सोडून देणे हा दुसरा मार्ग. त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अबू हामिद अल्-गझाली (इ.स. १०५८–११११) याचे आहे. बगदादच्या निजामिया विद्यापीठात १०९१ साली त्याची नेमणूक झाली. तेथे आपल्यापुढे तीनशे विद्यार्थी असत असे त्याने 'अल्-मुन्किज मिन अद्-दलाल' या उत्तरकालीन आत्मकथनात नमूद केले आहे. आपल्या अध्यापनाचा हेतू तपासला असता तो ईश्वरासाठी नसून प्रतिष्ठा आणि कीर्ती यांसाठी आहे असे त्याच्या ध्यानात आले. सहा महिन्यांच्या घालमेलीनंतर त्याची वाणीच बंद पडली. वर्गात एक शब्द उच्चारणे अशक्य झाले आणि अन्नही जाईना. वैद्यांनी उपाय थकल्याचे सांगितले. १०९५ साली त्याने बगदाद सोडले. मक्केला जात असल्याचे जाहीर करून तो प्रत्यक्षात सीरियाला गेला.

दमास्कसच्या मशिदीच्या मिनारात दरवाजा लावून एकांतात बसणारा गझाली हा लोकैषणेपासून मुक्तीचा आदर्श म्हणून वारंवार उद्धृत होतो. परंतु आत्मकथनाचा उत्तरार्ध तितकाच महत्त्वाचा आहे. अकरा वर्षांनी, हिजरी ४९९ मध्ये (इ.स. ११०६), तो निशापूर येथे पुन्हा अध्यापनास लागला. त्याचे समर्थन करताना तो म्हणतो की हे परतणे नव्हे. पूर्वी ज्या विद्येने प्रतिष्ठा मिळते ती आपण शिकवीत होतो, आता जिच्यामुळे प्रतिष्ठा सोडली जाते ती शिकवितो. हा भेद मार्मिक आहे. पण त्याच परिच्छेदाच्या आसपास आणखी एक कारण येते. प्रत्येक शतकाच्या आरंभी ईश्वर धर्माचा पुनरुज्जीवक पाठवितो अशी श्रद्धा होती, नवे शतक उंबरठ्यावर होते, आणि अनेक सत्पुरुषांनी आपली स्वप्ने सांगून गझालीला बाहेर पडण्याचा सल्ला दिला. जो मनुष्य लोकांच्या हृदयांवरील मालकी टाकून निघाला होता, त्याला परत आणणारी साक्षही इतरांच्या हृदयांतूनच आली.

येथे गझालीवर दांभिकतेचा आरोप करण्याचे प्रयोजन नाही. त्याने स्वतः 'इह्या'मध्ये असा इशारा दिला आहे की रियाच्या भयाने सत्कर्म सोडणे हाही सैतानाचाच विजय होय. शिकविण्याचे सामर्थ्य असलेल्याने मान मिळेल म्हणून गप्प बसावे काय, या प्रश्नाचे उत्तर त्याला नकारार्थी द्यावे लागले. एकांताने मनाची परीक्षा होते. उपदेश या कर्माची होत नाही, कारण उपदेशाला दुसरा माणूस लागतोच. मौन हा साधकाचा उपाय असू शकतो, पण तो उपदेशकाचा उपाय होऊ शकत नाही, हा गझालीच्या जीवनक्रमाचा निष्कर्ष आहे.

'अल्-मुन्किज' हे पुस्तक धर्मबंधूने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहिलेले आहे, याचीही नोंद घ्यायला हवी. स्वतःविषयी बोलण्याचे दडपण प्रश्नकर्त्यावर टाकले की बोलणे सुसह्य होते. ही युक्ती पुढे तुकारामांच्या संदर्भात पुन्हा भेटणार आहे.

४

भारतीय भाषांकडे वळताना प्रथम कन्नडचा विचार करणे उचित ठरेल, कारण या मोहाची अत्यंत जळजळीत प्रतिमा बाराव्या शतकातील बसवेश्वरांच्या वचनांत आढळते. कलचुरी राजा बिज्जळाच्या दरबारी मोठे अधिकारपद आणि शरणांच्या समुदायाचे नेतृत्व या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडे होत्या. त्यांचे कार्यक्षेत्र असलेले कल्याण म्हणजे मराठी आणि कन्नड यांच्या सीमेवरील आजचे बसवकल्याण. एका प्रसिद्ध वचनात ते तक्रार करतात की माझ्याच माणसांनी माझी स्तुती करकरून मला सोन्याच्या सुळावर चढविले आहे. हा सन्मान मला धारदार शस्त्रासारखा लागतो आहे. वचनाच्या शेवटी ते आपल्या देवाला विनवितात की तू माझे हित पाहत असशील तर या स्तुतीच्या आड ये.

या वचनाचे वेगळेपण दोन ठिकाणी दिसते. सूळ सोन्याचा आहे, आणि तो शत्रूंनी उभारलेला नाही, प्रेम करणाऱ्या आपल्या माणसांनी उभारला आहे. ख्रिसोस्तोमच्या श्रोत्यांप्रमाणे हे तमासगीर नव्हेत. ते सहसाधक आहेत, आणि त्यांचे प्रेम खरे आहे. स्तुती खोटी असती तर तिला नाकारणे सोपे होते. दुसरे असे की वचनकार आपल्या वचनाच्या अखेरीस स्वतःचे नाव घालीत नाहीत, इष्टदेवतेचे नाव घालतात. बसवेश्वरांची अंकितमुद्रा 'कूडलसंगमदेव' ही आहे. कवीच्या नावाच्या जागी देवाचे नाव आल्यामुळे वचन ऐकणाऱ्याच्या तोंडी शेवटी कवीचा जयजयकार उरत नाही. अर्थात त्या मुद्रेवरूनच वचन बसवेश्वरांचे म्हणून ओळखले जाते. तेव्हा नाव लपविण्याची ही योजनाही अखेर नाव सांगतेच.

लपण्याचा हा विचार मराठीत ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात सविस्तर आला आहे (शके १२१२, इ.स. १२९०). गीतेतील 'अमानित्व' आणि 'अदंभित्व' या पदांवर ज्ञानेश्वरांनी केलेला विस्तार प्रसिद्ध आहे. ज्ञानी पुरुषाला मान हे ओझे वाटते. बृहस्पतीच्या तोडीची सर्वज्ञता असूनही महिम्याच्या भयाने तो वेडेपणाच्या आड दडतो, असे वर्णन तेथे आहे. अदंभित्वासाठी दिलेल्या दृष्टान्तांत, पेरलेले बी मातीखाली झाकणारा शेतकरी येतो. त्याप्रमाणे ज्ञानी आपले दानपुण्य झाकून ठेवतो. सोळाव्या अध्यायात दंभाचे निरूपण करताना हाच विचार उलट बाजूने येतो. आई हे तीर्थ खरे, पण तिला लोकांत उघडी केली तर तेच पतनाचे कारण होते; गुरूने दिलेल्या विद्येचा चव्हाट्यावर पुकारा केला तर तिचेही तसेच होते.

मानापासून बचाव म्हणून वेडाचे पांघरूण घेणे ही कल्पना निशापूरच्या नवव्या शतकातील मलामती साधकांच्या विचाराशी समांतर आहे. लोकांनी दोष द्यावा, निंदा करावी, यासाठी आपले सद्गुण झाकावेत असे ते मानीत. या दोन परंपरांमध्ये ऐतिहासिक संबंध होता असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. समान प्रश्नातून समान उत्तर निघाल्याचे हे उदाहरण आहे. मात्र ज्ञानेश्वरांच्या शेतकऱ्याच्या दृष्टान्तात एक वेगळी दिशा सूचित होते. बी झाकले जाते ते उगवण्यासाठी. झाकणे हा तेथे शेवट नाही. पीक पुढे सर्वांच्या डोळ्यांसमोर उभे राहणारच आहे. ज्ञानेश्वर स्वतः श्रोत्यांच्या सभेत निरूपण करीत आहेत, आणि ठिकठिकाणी श्रोत्यांच्या अवधानाची याचना करीत आहेत, ही वस्तुस्थितीही विसरता येत नाही. ज्ञानी दडतो, वक्ता दडू शकत नाही. ग्रंथातील हा ताण तेराव्या अध्यायाच्या वर्णनाने मिटत नाही.

सतराव्या शतकात रामदासांनी या ताणाला संघटनेच्या अंगाने उत्तर दिले. दासबोधाच्या अकराव्या दशकात ते उत्तम गुण लोकांना शिकवावेत, मोठमोठे समुदाय उभे करावेत, परंतु ते गुप्त रूपाने, असे सांगतात. कर्तृत्व उघड आणि कर्ता अदृश्य अशी ही योजना आहे. ती कार्यकर्त्याला उपयोगी पडते. कीर्तनाला उभ्या राहिलेल्या माणसाला अदृश्य होता येत नाही.

५

तुकारामांचे (मृत्यू इ.स. १६४९ अथवा १६५०) महत्त्व या टप्प्यावर स्पष्ट होते. वह्या बुडविल्या जाण्याचा प्रसंग मराठी जनमानसात चमत्कारकथा म्हणून स्थिर झालेला आहे. अधिकारी पक्षाने कवित्वाला मान्यता नाकारली, वह्या इंद्रायणीत गेल्या, आणि तुकाराम धरणे धरून बसले. या प्रसंगाशी जोडलेल्या अभंगांपैकी एकात जे येते ते चमत्काराच्या विजयोत्सवाशी मुळीच जुळत नाही. तेथे तुकाराम देवाची क्षमा मागतात. लोकांच्या बोलण्यापायी आपण चित्त क्षुब्ध करून घेतले, तेरा दिवस डोळे मिटून पडून राहिलो, देवाचा अंत पाहिला आणि त्याला शिणविले, हा आपला मोठा अन्याय झाला, असा त्याचा आशय आहे.

हा पश्चात्ताप नेमका कशाचा आहे हे लक्षात घेतले पाहिजे. तुकारामांवर अन्याय झाला होता यात संशय नाही, आणि त्यांनी मागितलेले प्रमाण लौकिक लाभासाठी नव्हते. तरीही, प्रमाण मिळाल्यानंतर त्यांना जाणवले की आपल्या हट्टाच्या मुळाशी 'लोक काय म्हणतील' हाच विचार होता. स्तुतीची इच्छा आणि निंदेचे दुःख ही एकाच मोहाची दोन रूपे आहेत. ऑगस्टीनने स्तुतीची कसोटी घेता येत नाही असे म्हटले होते; तुकारामांना ती कसोटी निंदेच्या बाजूने आयती मिळाली, आणि आपण तीत उतरलो नाही अशी नोंद त्यांनी केली. सर्वसामान्य चरित्रकथा हा प्रसंग लोकमान्यतेने संपविते. अभंग तो लोकमान्यतेची गरज वाटल्याच्या लज्जेने संपवितो.

जाती आणि व्यवसाय सांगून सुरू होणाऱ्या त्यांच्या प्रसिद्ध आत्मचरित्रपर अभंगातही अशीच सावधता आहे. स्वतःविषयी बोलू नये, पण तुम्ही संतांनी प्रश्न केला म्हणून वचन पाळतो, अशी प्रस्तावना तेथे आहे. गझालीप्रमाणेच येथेही प्रश्नकर्ता पुढे उभा केला आहे. मात्र पुढील निवेदनात एक तपशील असा येतो की ज्याला 'अल्-मुन्किज'मध्ये जोड नाही. कीर्तनाच्या आरंभीच्या दिवसांत अभ्यासात चित्त नव्हते, संतांची काही वचने विश्वासाने पाठ केली, आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे ध्रुपद धरले, असे तुकाराम सांगतात. गझाली व्याख्यानपीठावरून आपली कथा आरंभतो आणि तुकाराम मागच्या रांगेतून. वक्ता हा आधी श्रोता होता, आणि कीर्तनात श्रोता हाही ध्रुपद धरणारा असतो, हे या तपशिलातून सूचित होते.

यानंतर त्यांच्या नावावर असलेल्या, कीर्तनकाराला नियम घालून देणाऱ्या अभंगाचा विचार करता येतो. जेथे कीर्तन करावे तेथे अन्न घेऊ नये, कपाळाला बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, बैलघोड्यासाठी दाणावैरण मागू नये, आणि द्रव्य घेणारे व देणारे दोघेही नरकाला जातात, असे त्यात म्हटले आहे. आजही कीर्तनाच्या बिदागीविषयी वाद झाला की या अभंगाचा आधार घेतला जातो. त्यामुळे त्याचा अर्थ द्रव्यापुरता मर्यादित झाला आहे. वास्तविक नियमांच्या यादीत बुक्का आणि माळ यांचा समावेश आहे. या दोन्ही वस्तूंना बाजारात फारशी किंमत नाही. त्यांची किंमत मानाची आहे. म्हणजे अभंगाला द्रव्याइतकाच मानाचा व्यवहार अभिप्रेत आहे. तो रोखण्यासाठी कीर्तनकाराने मन शुद्ध ठेवावे असा उपदेश न करता, कपाळ आणि गळा पुढे करू नये असा ठोस नियम दिला आहे. आणि घेणाऱ्याबरोबर देणाऱ्यालाही दोषी ठरविले आहे. ख्रिसोस्तोमचा नियम मोडणारे श्रोते दोषी होते, पण त्यांच्यासाठी दंड नव्हता. तुकारामांच्या नियमात यजमानही उत्तरदायी आहे.

याची दुसरी बाजू वारकऱ्यांच्या आचारात दिसते. वारकरी एकमेकांच्या पायां पडतात. वय, जात, विद्वत्ता यांचा विचार त्यात केला जात नाही. तुकारामांच्या अभंगांतही या चालीचा उल्लेख आहे. येथे मान देणे थांबलेले नाही, पण तो एका दिशेने वाहून एकाच्या ठायी साचत नाही. जो नमस्कार घेतो तो त्याच क्षणी नमस्कार करतो. गझालीच्या व्याख्येच्या भाषेत सांगायचे तर हृदयांवरील मालकी येथे कोणाच्याही नावावर चढत नाही. टाळ्या थांबविता येत नाहीत हे ख्रिसोस्तोमला कळले होते. त्या सर्वांनी सर्वांसाठी वाजवाव्यात अशी व्यवस्था त्याच्या सभागृहात नव्हती.

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की प्रत्येक अभंगाच्या अखेरीस 'तुका' हे नाव येते. मानाचा एवढा विटाळ असणाऱ्या कवीने नाव का ठेवावे? बसवेश्वरांच्या मुद्रेशी तुलना केली असता हा भेद ठळक होतो. याचे एक उत्तर असे देता येईल की देवाच्या नावाआड गेलेला कवी बोलण्याची जबाबदारीही देवाकडे सोपवितो. स्वतःचे नाव घालणारा कवी ती स्वतःकडे ठेवतो. वह्यांच्या प्रसंगानंतरचा पश्चात्ताप नाव नसलेल्या माणसाला करता आला नसता. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : आचारातील समतेमुळे मोह खरोखरच टळतो काय? तो टळत नाही, हे मान्य केले पाहिजे. हार, बुक्का आणि बिदागी यांनी कीर्तनपरंपरेत पुन्हा प्रवेश केला, आणि नियम सांगणाऱ्या तुकारामांचेच नाव पुढील अनेक कीर्तनकारांच्या मानाचे भांडवल झाले. नियम मोडले जातात. पण मोडलेला नियम समाजाला मोजमाप तरी देतो. तपासलेले मन बाहेरच्या कोणालाही मोजता येत नाही.

६

या विवेचनातून तुलनात्मक अभ्यासासाठी एक पद्धतिविषयक निष्कर्ष निघतो. आत्मपरीक्षणपर धार्मिक लेखनाचा नमुना म्हणून 'कन्फेशन्स' डोळ्यांपुढे ठेवण्याची प्रथा रूढ आहे, आणि तिच्या प्रभावाने तुकारामांचे आत्मनिंदेचे अभंगही कबुली म्हणून वाचले जातात. असे वाचन त्यांच्या मनाविषयी पुष्कळ सांगते, पण अभंग कोणाच्या उपस्थितीत आणि कोणत्या व्यवहारात म्हटला जातो याकडे दुर्लक्ष करते. कबुलीत ईश्वर ऐकतो आणि माणसे कानोसा घेतात. आत्मकथनात शिष्य विचारतो आणि आचार्य सांगतो. वचनात आपलीच माणसे समोर असतात आणि देवाकडे त्यांच्याविरुद्ध दाद मागितली जाते. कीर्तनात ऐकणारा ध्रुपद धरतो, पायां पडतो, पायां पडवून घेतो, आणि देण्याघेण्याच्या दोषातही भागीदार होतो. लोकैषणेचा मोह चारही ठिकाणी एकच आहे. श्रोत्याची जागा मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे, आणि तीवरूनच उपायाचे स्वरूप ठरते.

ध्वनिमुद्रण, दूरचित्रवाणी आणि त्यानंतरची प्रसारमाध्यमे यांनी धर्मोपदेशकापुढील सभा अमर्याद केली आहे. या सभेतील श्रोता वक्त्याला दिसत नाही, त्याला वक्त्याच्या मागे ध्रुपद धरता येत नाही, आणि त्याच्या पाया पडणारा कोणी समोर नसतो. त्याच्या हाती उरते ती केवळ पसंती. अशा परिस्थितीत उपदेशकांच्या दंभावर टीका करणे सोपे आहे आणि ती पुष्कळ होतेही. बसवेश्वरांच्या वचनाने दाखविलेली गोष्ट त्या टीकेत सहसा येत नाही : सुळावर चढलेला एकटा असतो, सूळ घडविणारे अनेक असतात, आणि त्यांचे प्रेम बहुधा खरे असते. संतसाहित्याच्या समीक्षेने संतांच्या मनाइतकेच या घडविणाऱ्यांकडेही लक्ष देणे आवश्यक आहे. त्यांच्यात श्रोता आहे, यजमान आहे, चरित्रकार आहे, आणि संतांच्या नम्रतेची स्तुती करणारा समीक्षकही आहे.